लुटुपुटीची शस्त्रे

विठ्ठलवाडीहून कर्जतच्या गाडीत बसले म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्थानके मागे पडल्यावर वांगणी लागते. आणि चित्रपटासाठी जमविलेल्या शस्त्रांपायी कलावंतांची पोलिसांशी गाठ पडल्याची आपल्याकडील अगदी आरंभीची जी हकीकत सांगितली जाते, ती या वांगणीची आहे. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या पहिल्या कथापटाच्या उद्योगात गुंतले होते. दादरच्या घरात उभारलेल्या रंगविलेल्या पडद्यांपुढे राजवाडा दाखविता येत असे; परंतु अरण्यातील प्रसंगांना मोकळे आकाश आणि खरी झाडेच हवीत, म्हणून त्यांनी वांगणीची निवड केली आणि स्वतःस काही कामानिमित्त मागे राहणे भाग असल्यामुळे नटमंडळींना साहित्यासह पुढे धाडून दिले. तलवारी, ढाली, भाले, धनुष्ये आणि मुकुट घेऊन उतरलेला तो अनोळखी तांडा पाहून, दरोडेखोरांची टोळीच गावावर चालून आली आहे असा गावकऱ्यांचा समज झाला. त्यांनी पाटलाला कळविले, पाटलाने फौजदाराला इतल्ला दिली, आणि फौजदाराने साऱ्या मंडळींना अटकेत ठेवले. मंडळी सांगत होती ते खरे होते. परंतु चित्रपट ही वस्तूच ज्यांनी पाहिली नव्हती त्यांना ते पटावे कसे? अखेर फाळके येऊन पोहोचले, त्यांनी कॅमेरा उभा केला, नटांकडून एक प्रसंग तेथल्या तेथे करवून दाखविला, आणि मगच फौजदाराचे समाधान होऊन मंडळींची सुटका झाली. हा चित्रपट पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला.

ही हकीकत बहुधा एक रंजक आख्यायिका म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. माझ्या मते तिच्यात या संपूर्ण विषयाचे मूळ आहे. चित्रपटातील शस्त्राला दोन प्रेक्षक असतात. एक, जो काही महिन्यांनी अंधाऱ्या सभागृहात बसून किंवा हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर ते पाहणार आहे, आणि ज्याने आपल्या राजीखुशीने त्या मायेला संमती दिलेली आहे. दुसरा, जो आत्ता, या क्षणी, भाजीची पिशवी घेऊन त्या रस्त्याने चाललेला आहे, आणि ज्याला कोणीही काहीही विचारलेले नाही. पहिल्याला शस्त्र खरे वाटले पाहिजे, दुसऱ्याला ते क्षणभरही खरे वाटता कामा नये, आणि ज्याच्या अंगावर ते रोखले जाते त्या नटाला तर ते सर्वस्वी निरुपद्रवी आहे याची पुरती खात्री असली पाहिजे. ज्यांच्याजवळ द्रव्य थोडे आणि हौस अपार, अशा तरुण दिग्दर्शकांचे लक्ष स्वाभाविकपणे पहिल्या प्रेक्षकावर खिळलेले असते. उरलेल्या दोघांची आठवण त्यांना अनेकदा उशिरा होते.

वांगणीचा प्रसंग जुन्या काळच्या अज्ञानामुळे घडला असे कोणी समजू नये. मे २०१९ मध्ये, म्हणजे जेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता अशा काळात, वसईत एका मोठ्या हिंदी चित्रपटातील दोन किरकोळ भूमिका करणारे कलावंत दहशतवाद्याच्या वेषातच चित्रीकरणाच्या जागेवरून बाहेर बाजारात आले. त्यांना पाहून एका जागरूक माणसाने पोलिसांना कळविले, शोध सुरू झाला, आणि ते कलावंत असल्याचे निष्पन्न होईपर्यंत यंत्रणेची धावपळ आणि लोकांची घबराट दोन्ही झाली. मुंबईने आणि तिच्या परिसराने नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जे पाहिले त्यानंतर अशी घबराट ही भित्रेपणाची खूण म्हणता येत नाही. आमच्या उल्हासनगरापुरते बोलावयाचे तर २ फेब्रुवारी २०२४ रोजी येथल्या हिललाइन पोलीस ठाण्याच्या आतच खऱ्या पिस्तुलातून खऱ्या गोळ्या सुटल्या आहेत. ज्या वस्तीने हे वाचले, ऐकले आणि पाहिले, त्या वस्तीच्या एखाद्या चौकात संध्याकाळी पिस्तूल उपसून धावणारा तरुण नट आहे की गुंड, याचा निवाडा करण्याइतकी सवड कोणालाही नसते, आणि ती असावी अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

या प्रकरणात मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे की, अल्प खर्चाच्या चित्रपटात जे कधीही शस्त्र नव्हते आणि कितीही खटपट केली तरी शस्त्र होऊ शकणार नाही, तेच शस्त्र वापरावे. खरे पण रिकामे पिस्तूल, धार बोथट केलेली खरी तलवार, दारू काढून टाकलेले खरे काडतूस, हे सारे जिन्नस ‘जवळजवळ निरुपद्रवी’ या वर्गातले आहेत, आणि आजवर जे जीव गेले ते याच वर्गाने घेतले आहेत.

अमेरिकेतील तीन दुर्घटना या दृष्टीने तपशिलाने पाहण्यासारख्या आहेत, कारण तेथील चित्रपटव्यवसाय साधनसंपन्न असूनही त्या घडल्या. १९८४ च्या ऑक्टोबरात जॉन-एरिक हेक्सम या तरुण नटाने चित्रीकरणाच्या खोळंब्यात एक रिव्हॉल्व्हर आपल्या कानशिलाला टेकवून चाप ओढला. त्यात गोळी नव्हती, केवळ दारू आणि तिच्यावर बसविलेली गच्च चकती असे, ज्याला ‘ब्लँक’ म्हणतात ते काडतूस होते. पण दारूचा वायू आणि ती चकती इतक्या जवळून गोळीचेच काम करतात. कवटीचे हाड आत ढकलले गेले आणि काही दिवसांनी त्याचा अंत झाला. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’ या चित्रपटाच्या वेळी ब्रँडन ली याचा जो मृत्यू झाला त्याची कारणपरंपरा तर कोणाही शिकाऊ कलावंताने नीट समजून घ्यावी अशी आहे. आधीच्या एका प्रसंगात रिव्हॉल्व्हर जवळून दाखवावयाचे होते, आणि त्यात पुढून गोळ्या दिसणे आवश्यक होते. म्हणून खऱ्या काडतुसांतील दारू काढून, गोळी पुन्हा बसवून, नकली काडतुसे तयार करण्यात आली. परंतु बुडाशी असलेली, ठोक्याने पेटणारी टोपी एका काडतुसात तशीच राहिली. चाप ओढला गेला तेव्हा त्या इवल्याशा टोपीच्या जोराने गोळी काडतुसातून सुटली आणि नळीत अडकून राहिली. कोणी नळीत डोकावून पाहिले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक काडतूस घालून ते नटाच्या दिशेने उडविले गेले, आणि नळीत अडकलेली गोळी मागच्या दारूच्या रेट्याने खऱ्या गोळीसारखीच बाहेर पडली. दोन अर्धवट निरुपद्रवी वस्तूंची बेरीज होऊन एक पुरते प्राणघातक हत्यार झाले. आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या मर्यादित खर्चाच्या चित्रपटाच्या सरावात छायाचित्रणकार हलीना हचिन्स मरण पावल्या आणि दिग्दर्शक जखमी झाला, तेव्हा ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये काहीही नाही असे मोठ्याने जाहीर करण्यात आले होते, त्यात जिवंत काडतूस होते. तेथे शस्त्रांची जबाबदारी सांभाळणाऱ्या तरुणीकडे खर्च वाचविण्यासाठी इतरही कामे सोपविलेली होती. २०२४ मध्ये तिला १८ महिन्यांची शिक्षा झाली. या तिन्ही ठिकाणी जर नळी भरीव असलेली रबराची किंवा लाकडाची प्रतिकृती असती, तर कोणाच्याही निष्काळजीपणाने कोणाचाही केस वाकडा झाला नसता. चूक माणसाकडून होणारच हे गृहीत धरून वस्तूच अशी निवडावी की चुकीला तिच्यात शिरावयास जागा राहू नये.

आता अशी वस्तू मिळवावी कोठे? या बाबतीत उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये राहणारा माणूस भाग्यवान आहे असे मी मानतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याण कॅम्प या नावाने ही लष्कराची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आणि हात रिकामे घेऊन आलेल्या त्या समाजाने, जी वस्तू पाहावी ती हुबेहूब घडवून दाखविण्याचे कसब येथे असे रुजविले की त्याची ख्याती देशभर गेली. त्या ख्यातीला काही लोक नावे ठेवतात. मला ते अन्यायाचे वाटते, कारण अनुकरण हीसुद्धा एक कला आहे आणि चित्रपटाची सजावट तर सर्वस्वी तिच्यावरच उभी आहे. येथल्या फर्निचर बाजारातील सुतार, कॅम्प ४ आणि ५ मधील जीन्सच्या कारखान्यांतून रेक्झिन व जाड कापड शिवणारे कारागीर, गणेशोत्सवापूर्वी देवाचे परशू-त्रिशूळ साच्यातून काढणारे फायबरचे ओतकाम करणारे, अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील रबर आणि प्लास्टिकचे साचे जाणणारे लोक, हे सारे चार-पाच मैलांच्या आत सापडतात. कोल्हापूरच्या चित्रपटाचा पाया ज्यांनी घातला ते बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, म्हणजे कारागिराच्या घराण्यातलेच होते. त्यांनी कॅमेरासुद्धा स्वतः घडविला, आणि त्यांच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’मध्ये कीचकवधाचा देखावा इतका प्रत्ययकारी उतरला की त्यावर सरकारी परिनिरीक्षकांचा आक्षेप ओढवला. तो प्रत्यय शस्त्राच्या धारेने आलेला नव्हता. तो मेस्त्रीच्या हाताचा आणि चित्रकाराच्या डोळ्याचा होता.

कारागिराकडे जाताना मात्र आपल्याला काय हवे ते नेमके सांगता आले पाहिजे. कोणत्याही चित्रपटात शस्त्राच्या तीन जाती लागतात. जे कॅमेऱ्याच्या अगदी निकट येते आणि ज्याच्यावर प्रेक्षकाची नजर रेंगाळते, ते एकच असते, आणि खर्चाचा मोठा वाटा त्याच्यावर करावा. जे झटापटीत वापरले जाते, पडते, आपटते, ते मऊ असावे. आणि जे मागे उभ्या असलेल्या शिपायांच्या किंवा टोळीच्या हातात केवळ आकृती म्हणून दिसते, ते प्लायवूड कापून रंगविलेले असले तरी पुरते. हा भेद न समजल्यामुळे नवशिक्या मंडळी दहाही शस्त्रे सारख्याच दर्जाची मागवितात आणि पैसा संपला म्हणजे एखाद्या परिचिताच्या घरची खरी तलवार किंवा परवान्याची बंदूक मागून आणण्याचा विचार करू लागतात. तो विचार मनात येताच तेथेच थांबवावा.

पिस्तुलासाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बाजारातील प्लास्टिकचे खेळण्याचे पिस्तूल घेऊन त्याचे रूप पालटणे. त्याचे सांधे भरून काढावेत, पॉलिश कागदाने घासून चकाकी घालवावी, निस्तेज काळा रंग द्यावा, आणि तो वाळल्यावर शिसपेन्सिलीतील शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची, बारीक पूड बोटाने कडांवर चोळावी. वापरून झिजलेल्या पोलादाचा जो निळसर-राखी भास होतो तो महागड्या रंगानेही सहसा येत नाही. छर्रे उडविणारी खेळणी आणि हवेच्या बंदुका मात्र वर्ज्य समजाव्यात, कारण त्यांचा छर्रा डोळा फोडू शकतो. लाकडाची प्रतिकृती करावयाची तर पांगाऱ्यासारखे हलके लाकूड घ्यावे, नळी भरीव ठेवावी आणि तोंडाशी जेमतेम अर्ध्या इंचाचा खळगा पाडून तो आतून गडद काळा करावा. कॅमेऱ्याला तो खळगा पोकळ नळीच दिसतो. झटापटीसाठी पादत्राणांच्या तळव्यांना वापरतात तसल्या ईव्हीए फोमची जाड पाटी कापून, वर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात देऊन छिद्रे बुजवावीत आणि मग रंगवावे. साच्यातून ओतलेले रबर अधिक टिकाऊ होते, परंतु साचा कधीही खऱ्या शस्त्रावरून घेऊ नये. मूळ नमुना लाकडात कोरून घ्यावा. तीव्र वासाची चिकट द्रव्ये आणि फायबरची घासकामे बंद खोलीत करू नयेत, तोंडाला मुखपट्टी बांधावी, हेही जाता जाता सांगितले पाहिजे, कारण बराकीच्या एका खोलीत चार मुले बसून ही कामे करतात.

तलवारीचे पाते ॲल्युमिनियमच्या पट्टीचे करवितात, त्याची कड किमान दोन-तीन मिलिमीटर जाड व गोलसर आणि टोक बोटाच्या टोकाइतके बोथट असावे. जुन्या धोपेचे अथवा फिरंगीचे वजन किलोभर किंवा थोडे अधिक भरते, रायफलीचे तीन ते चार किलो. प्रतिकृती त्याहून फार हलकी असते आणि नटाच्या मनगटावर ते लगेच दिसून येते. याला उपाय वस्तू जड करण्याचा नव्हे, नटाला जडपणाचा सराव देण्याचा आहे. वाळू भरलेला नळ, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, असे काही हातात देऊन त्याच्याकडून आठवडाभर उठबस करवावी, म्हणजे खांदा किती झुकतो, हात बदलण्याची इच्छा केव्हा होते, बसताना ओझे कोठे ठेवावेसे वाटते, हे त्याच्या शरीरात मुरते, आणि मग रिकाम्या फोमची बंदूकही पडद्यावर ओझ्याची वाटते. ऐतिहासिक प्रसंगांचा सरंजाम एकदोन दिवसांपुरताच लागणार असेल तर तो घडविण्यापेक्षा ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणणे शहाणपणाचे. हौशी नाटकमंडळ्यांना ढाल-तलवारी आणि जिरेटोप पुरविण्याचा हा व्यवसाय महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. तेथूनही जिन्नस उचलण्यापूर्वी प्रत्येक पात्यावरून आणि मुठीच्या जोडावरून हात फिरवून पाहावा. सैल मूठ धारेपेक्षा अधिक घातक असते, कारण ती वार करणाऱ्याच्या हातून सुटून, ज्याने सावध राहण्याचे काही कारण नव्हते अशा बाजूच्या माणसाला लागते.

शस्त्रयुद्धाच्या शिक्षणासाठी महाराष्ट्राला परक्याकडे पाहण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवले आहेत, आणि दांडपट्ट्याला तर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला आहे. अशा वस्तादाकडून चार पवित्रे शिकलेला नट धावून जाणाऱ्या दहा नवशिक्यांपेक्षा अधिक खरा दिसतो. परंतु खेळातील वस्ताद आणि चित्रपटातील फाइट मास्टर यांच्या कामात एक मूलभूत फरक आहे, तो असा की खेळात अंतर साधावयाचे असते आणि चित्रपटात ते राखावयाचे असते. दोन नटांनी हात पूर्ण लांबवूनही पाते समोरच्याच्या अंगापासून वीतभर दूर राहील इतक्या अंतरावर उभे राहावे. वार डोक्यावर न करता खांद्याबाहेरच्या मोकळ्या जागेत करावा. प्रत्येक वारापूर्वी डोळ्यांची गाठ पडावी. आणि सारा क्रम आधी चालण्याच्या, मग जलद चालण्याच्या गतीने इतक्या वेळा करावा की तो पाठ होईल. उरलेले अंतर कॅमेरा भरून काढतो. लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहिले असता पुढची आणि मागची वस्तू एकमेकींना भिडल्यासारखी दिसते, म्हणून पिस्तूल समोरच्याच्या छातीऐवजी त्याच्या बाजूला हातभर रोखलेले असले तरी कोन बरोबर साधला म्हणजे ते थेट छातीवरच दिसते. प्रतिकृतीसुद्धा माणसावर थेट रोखू नये, हा दंडक यामुळे चित्रपटाचे काहीही न बिघडविता पाळता येतो.

गोळी सुटल्याची ज्वाला आणि आवाज यांविषयी एक गैरसमज फार दृढ आहे. खरा बार काढल्याखेरीज खरे दिसत नाही, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी की चित्रपट एका सेकंदाला २४ चौकटी घेतो आणि प्रत्येक चौकट साधारणतः सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागापुरतीच उघडी असते; नळीच्या तोंडची ज्वाला त्याहून कितीतरी अल्पजीवी असल्यामुळे ती दोन चौकटींच्या मधल्या बंद काळात चमकून गेली तर पडद्यावर उमटतच नाही, आणि खरी ब्लँक काडतुसे उडवूनही ती पुढे संगणकावर चिकटवावी लागते. मग ती प्रारंभापासूनच तेथे का चिकटवू नये? ब्लेंडर किंवा दा विंची रिझॉल्व्ह यांसारखी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. एक किंवा दोन चौकटींपुरता पिवळा झोत, त्या क्षणी नटाच्या चेहऱ्यावर आणि मागच्या भिंतीवर पडणारा किंचित उजेड, आणि त्याच क्षणी नटाने मनगटाने व खांद्याने दिलेला झटका, एवढ्यावर काम भागते. झटका अगदी नेमक्या वेळी यावा म्हणून दिग्दर्शकाने टाळी वाजवून खूण करावी. दिवाळीतील टिकल्यांचा बार रंगभूमीवर चालून जातो, पण नटाच्या कानाजवळ किंवा डोळ्यासमोर तोही नको. रक्तासाठी साखरेचा पाक, खाद्यरंग आणि चिमूटभर कोको यांचे मिश्रण पुरते, आणि ते उसळावयाचे असेल तर कपड्याखालून नेलेली बारीक रबरी नळी व तिच्या दुसऱ्या टोकाशी पिचकारी किंवा सायकलचा पंप घेऊन बसलेला सहाय्यक असला म्हणजे झाले. अंगावर स्फोटक द्रव्य बांधण्याचा विचार, परवानाधारक तज्ज्ञ नेमण्याची ऐपत नसलेल्याने, मनातसुद्धा आणू नये.

आणि खरेपणाचा आग्रह किती धरावा यालाही मर्यादा आहे. कोकणातील दशावतारात लाकडी तलवारीने राक्षसाचा वध होतो आणि पहाटेपर्यंत बसलेला प्रेक्षक त्यात रमतो. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात नासिर शेख यांनी सुमारे २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट पन्नास हजारांच्या घरातील खर्चात उभा केला. त्यातील डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले, यंत्रमागावर दिवस घालविलेल्या प्रेक्षकांनी तो आपला म्हणून उचलून धरला, आणि या मंडळींच्या उद्योगावर फैजा अहमद खान यांनी पुढे केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा अनुबोधपट देशोदेशी पाहिला गेला. ज्याला घोडा परवडत नाही त्याने सायकल घ्यावी आणि तिच्यावर पूर्ण श्रद्धेने बसावे, ही मालेगावकरांची रीत मला थोर वाटते.

कायद्याचा भाग आता पाहू. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्यातील व्याख्येने, केवळ खेळणे म्हणूनच वापरता येण्यासारखी आणि कार्यक्षम शस्त्रात रूपांतरित न होऊ शकणारी वस्तू ‘शस्त्र’ या संज्ञेतून वगळलेली आहे. आणि नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे हा परवान्याशिवाय सरळ गुन्हा आहे. प्रस्तुत प्रकरणात भरीव नळीचा जो आग्रह धरला आहे त्याला कायद्याचाही असा आधार आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगाची नसलेली आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी, तसेच तलवार, खंजीर, भाला, ही शस्त्रांच्याच यादीत येतात. आणि मनाई आदेश लागू असता अशी वस्तू घेऊन सार्वजनिक जागी फिरल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ व १३५ ही जोडीला येतात. सणासुदीच्या व निवडणुकीच्या दिवसांत हे आदेश आमच्याकडे वारंवार निघतात, तेव्हा चित्रीकरणाची तारीख ठरविण्यापूर्वी तेवढी चौकशी करावी. २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांत प्रतिकृती आणि बार काढणाऱ्या नकली बंदुका यांचाही विचार केलेला असल्यामुळे, धातूची, हुबेहूब यंत्रणेची प्रतिकृती कोणी स्वस्तात देऊ केली तरी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारल्याशिवाय ती घेऊ नये. अंबरनाथला आयुधनिर्माणी असल्यामुळे असो वा अन्य कारणाने असो, रिकामी काडतुसे भंगारात मिळतात अशा वदंता या भागात ऐकू येतात. दारूगोळ्याचे सुटे भागही कायद्याने दारूगोळाच ठरतात, आणि ‘द क्रो’ची हकीकत ज्याने वाचली त्याने तर त्यांना स्पर्शही करू नये. आपली काडतुसे लाकडाची गोल कांडी कापून, पितळी रंग देऊन करावीत.

चित्रीकरणाच्या परवानगीसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतून कारभार चालविणाऱ्या राज्याच्या चित्रपट महामंडळाची एक खिडकी आहे. महापालिकेची किंवा नगरपरिषदेची, आणि फलाटावर काम असेल तर रेल्वेची, अशा वेगळ्या संमती असतात. यांपैकी काहीही असले तरी स्थानिक पोलीस ठाण्याला, म्हणजे कॅम्प ४ पुरते विठ्ठलवाडी ठाण्याला, लेखी कळविणे टाळू नये. अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, कलावंतांची संख्या, प्रत्येक नकली शस्त्राचे वर्णन व छायाचित्र, आणि जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक इतके असावे. पोच घ्यावी आणि तिची प्रत चित्रीकरणाच्या जागी हाताशी ठेवावी. गल्लीच्या दोन्ही तोंडांना मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि सिंधी भाषांत चित्रीकरण चालू असल्याचा फलक लावावा, व आदल्या दिवशी शेजारपाजारच्या घरी आणि दुकानी जाऊन तोंडी सांगून यावे. म्हाताऱ्या माणसांना फलक वाचता येत नाही आणि लहान मुलांना तो वाचण्याची सवड नसते.

शेवटी राहिला रखवालदार. मोठ्या चित्रपटांत या कामाला आर्मरर असतो. आपल्या चमूतील एका शांत स्वभावाच्या माणसाकडे, दुसरे कोणतेही काम न देता, ही मुखत्यारी सोपवावी. त्याच्याजवळ कुलपाची पेटी आणि एक नोंदवही असावी. कोणते शस्त्र, कोणाला, किती वाजता दिले आणि केव्हा परत आले, याची त्याने नोंद करावी. देताना नटासमोर आणि समोरच्या नटासमोरही ते उलगडून, नळी भरीव असल्याचे व कड बोथट असल्याचे दाखवावे. दृश्य संपताच, चहाला जाण्यापूर्वी, ते परत घ्यावे. आणि दिवस मावळताना पेटीतील जिनसांची नोंदवहीशी रुजवात घालून मगच कुलूप लावावे. वाहतूक बंद पेटीतूनच व्हावी, लोकलमधून उघड्या पिशवीत मुळीच नाही. दिग्दर्शकालासुद्धा या रखवालदाराच्या हुकमाविरुद्ध शस्त्र मागता येऊ नये, आणि त्याने थांबा म्हटले की कॅमेरा थांबलाच पाहिजे. ज्या दिवशी हा माणूस गैरहजर असेल त्या दिवशी शस्त्राचा एकही प्रसंग घेऊ नये; संवादाचे प्रसंग घ्यावेत.